उकिरड्याचे दैव

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव उघडते, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण उकिरड्याकडे डोळसपणे पाहिले तर बारा वर्षे थांबण्याचे कारण नाही. तीन-चार महिने पुरतात.

गेल्या हिवाळ्यात मी संत्र्यांची व केळ्यांची साले गुलाबाच्या कुंडीत तशीच पुरली. 'सालांत पोटॅश असते, फुले भरपूर येतील,' असे कुणीतरी सांगितले होते. फुले आली नाहीत. मुंग्या व चिलटे तेवढी आली आणि पाने पिवळी पडली. असे का व्हावे, याचा शोध घेताना जे उमगले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

कच्ची साल म्हणजे खत नव्हे. ती कुजविणारे जिवाणू मातीतील प्राणवायू आणि काही प्रमाणात नत्रही वापरून टाकतात. तोवर मुळांची उपासमार होते. म्हणून साल आधी कुजवावी, मग झाडाला द्यावी.

दुसरी गोष्ट आपल्या मातीची. अमरावती-अकोल्याची काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात चुना मुळातच भरपूर. पोटॅशही सहसा कमी नसते. तेव्हा अंड्यांच्या टरफलांचा चुना किंवा केळीच्या सालीचे पोटॅश यांचे आपल्याला फारसे अप्रूप नको. आपल्याकडे खरा तुटवडा आहे तो सेंद्रिय कर्बाचा. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उष्ण हवेत मातीतील सेंद्रिय पदार्थ फार काळ टिकत नाहीत. मग तीच जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चिबडते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर ही अडचण अधिकच. कुजलेले खत मातीचे कण सैल करते व ओल धरून ठेवते. सालींचे खरे मोल हे आहे.

कापसाच्या मुलखाला ही विद्या परकी नाही. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरच्या संशोधन संस्थेत पऱ्हाट्या, पालापाचोळा, शेण, राख व माती यांचे थर रचून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसविली. तीच 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली.

घरी एवढा खटाटोप नको. तळाला व बाजूंना भोके पाडलेला जुना माठ घ्यावा. तळाशी वाळलेला पाला घालावा. त्यावर बारीक चिरलेली साले व भाजीची देठे एक भाग आणि वाळलेला पाला दोन भाग, असे थर द्यावेत. मधूनमधून मूठभर जुने शेणखत टाकावे. शिळे तेलकट अन्न घालू नये. संत्र्याच्या सालीतील तेलामुळे ती सावकाश कुजते. म्हणून ती थोडीथोडीच घालावी. आठवड्यातून एकदा खालीवर करावे. मूठ दाबली असता एखादाच थेंब निघावा, इतकी ओल पुरे. दुर्गंधी सुटली तर कोरडा पाला वाढवावा. काळेभोर, भुसभुशीत होऊन पहिल्या पावसाचा वास येऊ लागला की खत तयार झाले.

हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री घरोघरी येतात. मागोमाग कडुनिंबाची पानगळ सुरू होते. ओले आणि कोरडे दोन्ही निसर्गच हाती देतो. आपण मात्र एक घंटागाडीत टाकतो व दुसरे पेटवून देतो! यंदा माझ्या माठात दोन्ही एकत्र आहेत. गुलाब अजून रुसलेला आहे. पण नवी पालवी फुटली आहे.