घोडेगावची ओळ

लिलावाच्या दिवशी घोडेगावच्या कांदा मार्केटमध्ये गोण्यांच्या रांगा लागतात. प्रत्येक वक्कलातली, म्हणजे एकत्र विकल्या जाणाऱ्या मालातली, एखादी गोणी उघडून कांदा दाखवलेला असतो. व्यापाऱ्यांचा घोळका एका रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकतो, बोली चढते, थांबते, पुढे जाते. शेतकरी आपल्या मालाशेजारी उभा असतो. संध्याकाळी हा सगळा दिवस एका ओळीत येऊन बसतो. नेवासा-घोडेगाव, उन्हाळी, क्विंटल. पुढे आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर राज्यभरच्या बाजारांच्या अशा ओळी रोज जमा होतात. केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट २००० सालापासून हेच काम देशभरासाठी करतं.

या यादीवर कुणाचा तरी निर्णय ठरतो. उद्या टेम्पो घोडेगावला न्यायचा, वांबोरीला, की नगरच्या नेप्तीला? की कांदा अजून आठ दिवस चाळीतच ठेवायचा? म्हणून ही यादी पडद्यावर कशी येते आणि तिच्यातून आपल्या कामाची ओळ कशी गाळून काढतात, हे घोडेगावच्या माणसाला माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आपण बघतो ते पान आधीपासून कुठे लिहून ठेवलेलं नसतं. एका जाडजूड वहीजवळ बसलेला मुनीम डोळ्यांसमोर आणा. वहीत सगळ्या बाजारांच्या, सगळ्या शेतमालांच्या, सगळ्या दिवसांच्या नोंदी आहेत. तुम्ही विचारता, ‘कांद्याचं सांगा.’ तो पानं चाळतो, कांद्याच्या तेवढ्या ओळी कोऱ्या कागदावर उतरवतो आणि तो कागद तुमच्या हातात देतो. पुढच्या माणसाने सोयाबीन विचारलं की त्याच्यासाठी नवा कागद. वही म्हणजे डेटाबेस, आणि मुनिमाला घातलेली अट म्हणजे फिल्टर. वहीत एका नव्या ओळीची भर पडली की पुढच्या प्रत्येक कागदावर ती आपोआप येते, पान कुणी हाताने दुरुस्त करत नाही. पूर्वी आकाशवाणीवर बाजारभाव लागायचे तेव्हा अख्खी यादी कान देऊन ऐकावी लागे, आणि आपलं गाव नेमकं खोकल्याच्या उबळीत निघून जाई. आता यादीलाच प्रश्न विचारता येतो, हे फार मोठं सुख आहे.

पण प्रश्न विचारायची रीत यादी बांधणारा ठरवतो. शेतकऱ्याचा खरा प्रश्न असा असतो: घोडेगाव किंवा वांबोरी किंवा नेप्ती, आणि उन्हाळी कांदा, आणि या आठवड्यातला. या वाक्यातले ‘किंवा’ आणि ‘आणि’ नीट बघा. बाजारांच्या नावांमध्ये ‘किंवा’ आहे, कारण एक ओळ एकाच वेळी दोन बाजारांची असू शकत नाही. बाजार, जात आणि तारीख या वेगवेगळ्या रकान्यांमध्ये मात्र ‘आणि’ आहे. चांगला फिल्टर हा भेद पाळतो. एका रकान्यात तीन-चार खुणा करू देतो आणि रकाने एकमेकांना जोडून ओळी गाळतो. पुष्कळ ठिकाणी मात्र एक तर शेतमाल निवडायचा, नाही तर एकच बाजार समिती. शेतमाल निवडला की राज्यभरच्या बाजारांची लांबलचक यादी अंगावर येते, समिती निवडली की शेजारचा बाजार दिसेनासा होतो. मग माणूस तीनदा पान उघडतो आणि आकडे हाताच्या तळव्यावर लिहून घेतो.

नावाचा घोळ त्याहून मोठा. घोडेगाव दोन आहेत. एक आपलं, नेवासा तालुक्यातलं, नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं, शनिशिंगणापूरजवळचं. दुसरं पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्याचं मुख्यालय. शोधाच्या चौकटीत नुसतं ‘घोडेगाव’ टाकलं तर यंत्राने कोणतं दाखवावं? आणि आपल्या घोडेगावची ओळ ‘नेवासा’पासून सुरू होते, त्यामुळे अक्षरवार यादीत ‘घ’जवळ शोधणाऱ्याला ती सापडतच नाही. बाजार घोडेगावात भरतो, लोक घोडेगावच म्हणतात. नेवासा हे बाजार समितीचं नाव. शोधाने ओळीच्या सुरुवातीशीच न अडता नावात कुठेही जुळणारा शब्द पकडला, तर हा त्रास तिथेच संपतो. त्यासाठी एका छोट्या बदलापलीकडे काही लागत नाही.

त्यात जिल्ह्याचं नाव बदललं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, त्याआधी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. यादीत जिल्हा नावाने साठवला असेल तर जुन्या ओळी एका नावाखाली राहतात, नव्या दुसऱ्या नावाखाली जातात, आणि पाच वर्षांचे भाव ताडून बघणाऱ्याचा धागा मधेच तुटतो. जाणकार माणूस वहीत नाव लिहीत नाही, क्रमांक लिहितो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा क्रमांक ५२२ होता. नाव बदललं तरी क्रमांक तोच ठेवायचा आणि त्याच्यापुढची पाटी तेवढी बदलायची. राहुरी की राहूरी, हा ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळही क्रमांकानेच मिटतो. इंग्रजी यादीत तर नेवासा ‘व्ही’नेही लिहितात आणि ‘डब्ल्यू’नेही.

मराठी यादीची एक अडचण फारशी बोलली जात नाही. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर. युनिकोडमध्ये त्याची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे आहे. म्हणून यंत्राने क्रम लावला की कल्याण, कळवण, कवठे महांकाळ अशी रांग लागते. शाळेत शिकलेला क्रम डोक्यात असलेला माणूस कळवण शेवटाकडे शोधत बसतो. मराठीचा क्रम यंत्राला शिकवता येतो, त्याचे नियम तयारही आहेत. यादी बांधणाऱ्याने ते लावून घ्यावे लागतात, एवढंच.

आकड्यांच्या क्रमाने तर मला स्वतःला चांगलाच धडा दिला. काही वर्षांपूर्वी एका शेतकरी गटासाठी मी भावांची यादी बांधली. ‘जास्त भाव आधी’ हे बटण दाबलं, तर ९५० सगळ्यात वर आणि १,८०० त्याच्या खाली. भाव मी अक्षरं म्हणून साठवले होते. अक्षरं म्हणून बघितलं तर यंत्र आधी पहिलं चिन्ह ताडतं, आणि नऊ हा एकापेक्षा मोठा. चूक कळायच्या आत दोघांनी ती यादी पुढे पाठवली होती. त्या रात्री मी सगळा रकाना आकडे म्हणून नव्याने भरला. तेव्हापासून कुठलीही यादी हातात आली की आधी हाच रकाना तपासतो.

यादीत एकही ओळ न दाखवणारं रिकामं पानही असंच फसवतं. लिलाव रोज नसतो, ठरलेल्या दिवशीच असतो. ‘आज’ हा फिल्टर आपोआप लागलेला असेल, तर बाकीच्या दिवशी घोडेगावची ओळ गायब होते आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असा मजकूर दिसतो. बघणाऱ्याला काय कळायचं? बाजार बंद होता, नोंद आली नाही, की अट चुकली? तिथे ‘आज लिलाव नव्हता, मागच्या लिलावाचे भाव असे’ असं तारखेसकट लिहिलं तर माणसाला पुढचं ठरवता येतं.

आता ओळीतल्या शेवटच्या आकड्याकडे येतो, कारण सगळी भिस्त त्याच्यावर असते. सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी नव्हे. ज्या भावाला सर्वाधिक माल गेला, तो भाव. समजा १०० गोण्या आल्या. ५ गोण्या २,००० रुपये क्विंटलने गेल्या, ६० गोण्या १,४०० ने आणि ३५ गोण्या ६०० ने. गोण्या सारख्या वजनाच्या धरल्या तर सरासरी येते १,१५०. सर्वसाधारण दर मात्र १,४००. तो खोटा नाही. पण ज्याच्याकडे बारीक माल आहे त्याने १,४०० वाचून गाडी भरली, तर मार्केटमध्ये उभं राहिल्यावर त्याच्या पोटात गोळा येणारच.

आणि बारीक मालाला यादीत रकानाच नाही. मार्केटमध्ये कुणी नुसतं ‘उन्हाळी’ म्हणत नाही. तिथली भाषा आहे भारी वक्कल, मोठा कलर पत्तीवाला, मुक्कल भारी, गोल्टा, बारीक कांद्याची गोल्टी, जोड कांदा. यातल्या प्रत्येकाचा भाव वेगळा पुकारला जातो आणि हिशेबपट्टीवर तसाच उतरतो. लिलाव संपला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच शब्दांत भाव फिरतात. त्या निरोपात शेतकऱ्याची भाषा असते, पण तो गाळता येत नाही. मागच्या महिन्यातली गोल्टी काय भावाने गेली, हे शोधायचं तर शेकडो निरोप वर सरकवत बसायचं. संकेतस्थळावरची यादी गाळता येते, पण तिला गोल्टी हा शब्दच ठाऊक नाही. फिल्टर कितीही कसबी असो, वहीत जो रकाना नाही त्याबद्दल मुनीम काय सांगणार?

हा रकाना भरायला वेगळी माणसं नकोत की मोठी यंत्रणा नको. भाव पुकारला जातो तेव्हा मालाची प्रत लिहिलीच जाते, ती पुढच्या नोंदीत गळून पडते. एका बाजारात, एका हंगामापुरता ‘प्रत’ हा रकाना ठेवून बघावा आणि सुरुवात घोडेगावातूनच व्हावी, असं माझं मागणं आहे. शेतातल्या माणसाने फोनवर तीन बाजारांवर खूण करावी, ‘गोल्टी’ निवडावी, आणि समोर तीनच ओळी याव्यात, प्रत्येकीपुढे लिलावाची तारीख. मग टेम्पोवाल्याला फोन लावावा.