काट्याजवळचा बाक का मोडला?



मागच्या गळीत हंगामात काट्याशेजारचा बाक मोडला, हे आपल्याला ठाऊक आहेच. ऊस घेऊन आलेले एक वडीलधारे सभासद पहाटे त्यावर टेकले आणि बाकासकट खाली आले. महिनाभर अंथरूण धरावे लागले. बाक करून जेमतेम दोन पावसाळे झाले होते. चूक आपल्याच घरची, म्हणून ती नीट समजून घ्यावी असे आम्ही ठरवले.

पुढे कामानिमित्त आमचे मुंबईला अंधेरीत जाणे झाले. काम उरकल्यावर तसेच जोगेश्वरीला, ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात गेलो. जुने सामान आणि पाडलेल्या घरांचे लाकूड येथे विकायला येते. मुंबईच्या जुन्या इमारतींत ब्रह्मदेशचा साग सढळ हाताने वापरलेला. १८६३ साली निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी त्याच व्यापारातली. इमारत जाते, पण तिची तुळई, चौकट, जिन्याचा कठडा दुसऱ्या कामाला येतो.

एका म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारले, "उन्हापावसात टिकेल असा बाक कसा करावा?" ते हसले. "पावसाचं आम्हाला सांगू नका, साहेब." खरेच आहे. जवळच सांताक्रूझला २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या दुष्काळी गावांत वर्षभरातही एवढा पडत नाही.

"आधीचा कशाचा होता?" त्यांनी विचारले. आम्ही सांगितले : आंब्याच्या फळ्या, लोखंडी खिळे, वरून ऑइलपेंट, आणि हलू नये म्हणून पाय हातभर मातीत पुरलेले.

"मग तो बाक नव्हता, वाळवीचं जेवण होतं! लाकडावर पाणी पडलं तर बिघडत नाही. पाणी थांबलं की बिघडतं."

त्या एका वाक्यात सगळे आले. आंब्याचे लाकूड ओलीत टिकत नाही. पुरलेला पाय जमिनीलगत कुजतो, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. रंगाला चीर पडली की पाणी आत शिरते आणि रंगामुळेच लवकर वाळत नाही. खिळा गंजतो, भोक मोठे होते. वरून मात्र बाक नवाकोरा दिसतो!

मिस्त्रींकडून आणलेली मापे आपल्या गावच्या सुताराला दाखवावीत. लांबी ५ फूट. बैठक जमिनीपासून दीड फूट उंच. बैठकीला ३ इंच रुंद, १ इंच जाड अशा पाच पट्ट्या आणि दोन पट्ट्यांमध्ये करंगळीएवढी फट, म्हणजे पाणी खाली निघून जाते. पट्ट्या मध्येच वाकू नयेत म्हणून खाली एक आडवे लाकूड हवे. पाय ३ इंच चौरस. मागचे पाय सरळ वर नेऊन पाठ टेकायला घ्यावेत. दोन्ही बाजूंना हात जरूर ठेवावेत, म्हाताऱ्या माणसाला उठताना त्यांचाच आधार.

सांधा खिळ्याचा नको. एका लाकडाला कुसू काढावे, दुसऱ्यात पटाशीने तशीच खाच पाडावी आणि आरपार लाकडी खुंटी ठोकावी. स्क्रू लागलाच तर पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा. पाय मातीत न पुरता दगडावर उभे करावेत. पायाचे कापलेले तोंड सर्वांत जास्त पाणी पिते, म्हणून त्याला आधी जवसाचे तेल भरपूर पाजावे. पुढे दर उन्हाळ्यात सगळ्या बाकाला तेलाचा हात द्यावा.

लाकूड सागाचेच, पण आतले गर्भाचे. बाहेरचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी वाळवी सोडत नाही. बाभूळही चालेल. जुन्या काळी उसाचे लाकडी चरक बाभळीचेच होत. आपले वाडवडील कापलेली बाभूळ काही महिने पाण्यात बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत, म्हणजे भुंगा लागत नसे. ती रीत मोडू नये. बांधावरचा साग मात्र स्वतःचा असला तरी परवानगीवाचून तोडता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

आम्ही ओशिवऱ्याहून लाकूड आणले नाही. परतताना एस.टी.त विचार आला, की आपल्या गावोगावी जुने वाडे पडताहेत. त्यांच्या सागवानी तुळया कुठे चुलीत जातात, कुठे उकिरड्याशेजारी भिजत पडतात. मुंबईत ज्याला मोल आहे, ते आपण जाळतो.

तेव्हा विनंती अशी : ज्यांच्याकडे अशी तुळई पडून असेल त्यांनी शेतकी गटकार्यालयात कळवावे. सुताराकडे देण्यापूर्वी त्यातले जुने खिळे काढून घ्या, नाहीतर करवतीचे दात जातील. जुना रंग कोरडा घासू नका, कारण अशा रंगात शिसे असू शकते.

पुढच्या हंगामाची मोळी गव्हाणीत पडण्याआधी काट्याजवळ निदान दोन बाक उभे राहावेत. एक सभासदांसाठी, एक गाडीवान आणि तोडणी मजुरांसाठी. खरे तर कोणीही कुठेही बसावे. रात्रभर नंबर धरून थांबलेल्या माणसाला निर्धास्त टेकता आले पाहिजे, एवढीच अपेक्षा.