आधी गोळी घे, मग रड!

सकाळच्या लोणावळा-पुणे लोकलमध्ये ती कामशेतला चढते. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एरवी तळेगाव येईपर्यंत वॉर्डातले किस्से संपत नाहीत तिचे. गेल्या पावसाळ्यात मात्र एक दिवस खिडकीकडे तोंड करून बसली होती. फारच खोदून विचारल्यावर बोलली. आदल्या दुपारी एका पेशंटचं रक्त काढल्यानंतर सुईला टोपण लावताना सुई बोटात घुसली होती आणि पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह होता.

‘कुणाला सांगितलंस?’

‘कुणालाच नाही. मॅडम ओरडतील. घरी कळलं तर शिक्षण बंद.’

त्या दिवशी तिने धीर करून सिनिअर सिस्टरला सांगितलं. सिस्टर ओरडल्या नाहीत. ‘बाई गं, आधी गोळी घे, मग रड,’ एवढंच म्हणाल्या.

ही गोळी म्हणजे पीईपी, संसर्गाची शक्यता निर्माण झाल्यावर घ्यायचं प्रतिबंधक औषध. एचआयव्ही शरीरात शिरला की आपल्या आरएनएची डीएनए प्रत काढतो आणि ती आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये चिकटवून टाकतो. एकदा ती तिथे बसली की आजची कुठलीही गोळी तिला उपटून काढू शकत नाही. म्हणून सगळा खेळ वेळेचा. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं प्रत काढण्याचं काम अडवतात, डोल्युटेग्राविर चिकटवण्याचं. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत. मग रोज एक याप्रमाणे २८ दिवस. सुई टोचल्यावर असो, बलात्कारानंतर असो किंवा असुरक्षित संबंधानंतर, घड्याळ तेच. ‘सोमवारी बघू’ म्हणून वीकेंड घालवला तर तेवढ्यात मुदत उलटून जाते.

खरं तर अशा सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ३०० मध्ये एक. हिपॅटायटिस बी त्याहून कितीतरी खट. लस न घेतलेल्या माणसात हेच प्रमाण ६ ते ३० टक्के आहे. तिची लस झालेली होती. आपली? राष्ट्रीय लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये मोजक्या ठिकाणी आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या अनेकांची ती राहून गेलेली असू शकते. घरी लसीकरणाचं कार्ड असेल तर शोधा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. सहा महिन्यांत तीन डोस असतात.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर, बहुतेकांना १२ आठवडे, यश सुमारे ९५ टक्के. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात. हिपॅटायटिस बीच्या गोळ्या मात्र विषाणूला दाबून ठेवतात, सहसा मुळापासून घालवत नाहीत. भुशी डॅमला भिजून झाल्यावर कुणाच्या डोक्यात ‘चल, टॅटू काढू’ असं आलं, तर सुई आपल्यासमोर नव्या पाकिटातून निघतेय का आणि शाई नवी ओतली का, हे बघायला अजिबात लाजू नका.

आपल्या याच लोकलने कासारवाडीला उतरलं की भोसरी फार लांब नाही. तिथली पूर्वी ‘नारी’, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, या नावाने ओळखली जाणारी संस्था १९९२ची. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका जगप्रसिद्ध अभ्यासात पुण्याचं हे केंद्रही होतं. प्रत्येक जोडप्यातला एकजण एचआयव्हीबाधित. बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो, हे २०११मध्ये दिसलं. आता तर हे पक्कं झालंय की नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. माझ्या मते ही बातमी आपल्या कट्ट्यांवर अजून पोचलेलीच नाही. आपण अजून ‘त्याच्या ताटात जेवू नको’मध्येच अडकलोय.

औषधं महाग असतील, हाही जुनाच समज. २००१मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून जगाला धक्का दिला. आपल्या सरकारी केंद्रांत १ एप्रिल २००४पासून उपचार मोफत आहेत. सतत जोखीम असणाऱ्यांसाठी आधीच घ्यायची प्रेप नावाची गोळीही आहे, पण ती तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आणि ‘घरी कळेल’ या भीतीचं म्हणाल, तर २०१७च्या कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. १०९७ हा हेल्पलाइन नंबर मोफत आहे.

तिने २८ गोळ्या पूर्ण केल्या. पहिला आठवडा मळमळ होती. डबा तसाच परत न्यायची. तीन महिन्यांनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, तेव्हा तिने कामशेतला चढल्या चढल्या मला चिक्कीचं पाकीट दिलं आणि विचारलं, ‘तुझे हिपॅटायटिस बीचे डोस झालेत का रे?’

घरी कार्ड सापडलं नाही. आईलाही आठवेना. माझा पहिला डोस गेल्या मंगळवारी झाला.