दोन मतांचं वजन

अमेरिकेतल्या माणसाला विचारलं, ‘तुमच्या केंद्र सरकारच्या खर्चातला किती हिस्सा परदेशी मदतीवर जातो?’ तर तो काय सांगेल? केएफएफ ही आरोग्य धोरणावर काम करणारी संस्था हा प्रश्न अनेक वर्षं विचारत आली आहे आणि उत्तरांची सरासरी फिरून फिरून २५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. म्हणजे रुपयातले चार आणे. खरा आकडा २०२३ साली होता १.२ टक्के. अंदाज वीसपट चुकलेला! चौथा हिस्सा बाहेर जातोय असं वाटणारा माणूस साहजिकच म्हणतो, निम्मा करा. त्याने निम्मा केलेला आकडाही खऱ्याच्या दहापट असतो.

१.२ टक्के म्हणजे सुमारे ७,२०० कोटी डॉलर. लोकसंख्येने भागलं तर माणशी वर्षाला २१५ डॉलर, दिवसाला ५९ सेंट. देणाऱ्याला ही रक्कम जाणवत नाही. ज्याला ती जाणवते तो मलावीत नाहीतर हैतीत राहतो आणि त्याला ओहायोत मत नसतं. म्हणून अर्थसंकल्पात कात्री चालवायची वेळ आली की हात आधी इथेच वळतो.

ही कात्री अडवायला काही माणसं गेली साडेचार दशकं उभी आहेत, तीही बिनपगारी. सुरुवात एका संगीतशिक्षकापासून झाली. सॅम डेली-हॅरिस फ्लोरिडात वाद्यवृंदात तालवाद्यं वाजवत आणि शाळेत शिकवत. जगातली भूक मिटवायला उपाय कमी नाहीत, कमी आहे ती राजकीय इच्छाशक्ती, असं सांगणारे अहवाल त्यांच्या वाचनात आले. मग १९७८-७९ मध्ये शाळाशाळांतून बोलताना त्यांनी सुमारे ७,००० विद्यार्थ्यांना विचारलं, प्रतिनिधिगृहात तुमच्या भागातून निवडून गेलेला सदस्य कोण? नाव सांगता आलं जेमतेम २०० जणांना. शेकडा तीनही नाही. ज्याचं नावच ठाऊक नाही त्याच्याकडे मागणार काय आणि कशी? १९८० साली त्यांनी ‘रिझल्ट्स’ ही संघटना काढली.

तिची कामाची पद्धत अगदी साधी आहे. गावोगावचे छोटे गट महिन्यातून एकदा एकत्र येतात, एखाद्या जाणकाराचं ऐकतात आणि मग दोन मिनिटांत मुद्दा कसा मांडायचा याची एकमेकांसमोर तालीम करतात. याला ते ‘लेझर टॉक’ म्हणतात. त्यानंतर स्थानिक वृत्तपत्राला पत्र, सदस्याला पत्र, त्याच्या कार्यालयात भेट. प्रतिनिधिगृहात ४३५ सदस्य आहेत आणि एकेकाच्या मागे सरासरी ७ लाख ६० हजार माणसं. कर, पेन्शन, आरोग्यविमा यांवर त्या कार्यालयात पत्रांचे ढीग येतात. दुसऱ्याच्या देशातल्या लेकरांसाठी लिहिणारे मोजकेच, आणि मोजके असल्यामुळेच ते लक्षात राहतात.

आता या मोजक्यांसमोर कोणता आकडा होता ते पाहू. १९९० साली जगात पाच वर्षांखालची १ कोटी २८ लाख मुलं दगावली. दिवसाला ३५,०००. मुंबईचं वानखेडे स्टेडियम तुडुंब भरलं तरी ३३,००० माणसं मावतात. असं एक भरलेलं वानखेडे रोज, वर्षाचे ३६५ दिवस. मारणारे रोगही ओळखीचेच होते: अतिसार, न्यूमोनिया, गोवर, हिवताप. अतिसारावरचा उपाय मीठ-साखर-पाण्याचा, गोवरावरचा एका सुईचा.

ऐंशीच्या दशकात युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट हेच स्वस्त उपाय घेऊन सरकारांचे उंबरे झिजवत होते. अमेरिकेत बालकांच्या जीवरक्षणासाठी स्वतंत्र निधी सुरू झाला तो अडीच कोटी डॉलरचा. एवढ्या मोठ्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधायलाही भिंग लागावं. सप्टेंबर १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांत बालकांसाठी जागतिक शिखर परिषद भरली आणि ७१ राष्ट्रांचे प्रमुख आले. तिच्या आधीच्या आठवड्यात ‘रिझल्ट्स’च्या पुढाकाराने ७५ देशांत सुमारे १० लाख लोक मेणबत्त्या घेऊन जमले होते.

२०२२ साली पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू ४९ लाखांवर आले, प्रथमच ५० लाखांच्या खाली. मिनिटाला २४ वरून ९. जी मुलं वाचली ती पत्रं लिहिणाऱ्यांनी वाचवली, असं म्हणणं खोटं ठरेल. ती वाचली लसींनी, ओआरएसने, स्वच्छ पाण्याने, शिकलेल्या आयांनी आणि त्या त्या देशाच्या आरोग्यसेविकांच्या पायपिटीने. पण लशीची कुपी कुणीतरी विकत घ्यावी लागते, आणि गरीब देशांसाठी ती घेणारा पैसा दरवर्षी कुठल्यातरी संसदेत मतांनी मंजूर व्हावा लागतो.

असाच पैसा ‘गावी’ या लस आघाडीत जातो. २००० सालापासून तिच्यामार्फत १०० कोटींहून अधिक मुलांना लस मिळाली. यांतल्या कितीतरी कुप्या पुण्याच्या हडपसरमधल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून निघाल्या. वॉशिंग्टनमध्ये मत पडतं, हडपसरमध्ये कुपी भरते, दंड मात्र आफ्रिकेतल्या बाळाचा असतो. एड्स, क्षय आणि हिवतापाशी लढणाऱ्या ‘ग्लोबल फंड’चं गणित आणखी गमतीचं होतं. एकूण निधीत अमेरिकेचा वाटा एक तृतीयांशाच्या वर जाऊ नये, असं बंधन अमेरिकी कायद्यानेच घातलं होतं. म्हणजे अमेरिकेला आपला एक डॉलर द्यायचा तर इतरांनी दोन टाकायला हवे होते. एक डॉलर मंजूर करून घेणारा तीन डॉलरची तजवीज करायचा.

जॉर्ज बुश यांनी २००३ साली सुरू केलेल्या ‘पेपफार’ या एड्सविरोधी कार्यक्रमावर दोन दशकांत सुमारे ११,००० कोटी डॉलर खर्च झाले आणि अधिकृत अंदाजानुसार अडीच कोटी जीव वाचले. ढोबळ भागाकार केला तर एका जिवामागे ४,४०० डॉलर.

सगळ्या श्रीमंत देशांची मदत एकत्र केली तरी २०२४ साली ती २१,२१० कोटी डॉलर भरली, म्हणजे त्यांच्या उत्पन्नातल्या दर १०० डॉलरमागे ३३ सेंट. ७० सेंट देण्याचं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी १९७० सालीच ठरवलं होतं. ते २०२४ मध्ये गाठलं चौघांनी: नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन आणि डेन्मार्क. त्याच वर्षी जगाचा लष्करी खर्च होता २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर. वर्षभराच्या मदतीएवढी रक्कम तिकडे २९ दिवसांत संपते.

२०२५ मध्ये अमेरिकेने आपला हातही आखडला. परदेशी मदत देणाऱ्या ‘यूएसएड’ या सरकारी संस्थेचे ८० टक्क्यांहून अधिक कार्यक्रम रद्द झाले आणि १ जुलैपासून त्या संस्थेचं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. ‘द लॅन्सेट’मधल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की ही कपात टिकली तर २०३० पर्यंत १ कोटी ४० लाख जादा मृत्यू होतील, त्यांतले ४५ लाख पाच वर्षांखालच्या मुलांचे. एवढा आकडा ऐकला की माणूस सुन्न होतो आणि वर्तमानपत्राचं पान उलटतो. स्वयंसेवकाला मात्र दुसरे, लहान आकडे दिसतात.

त्या जुलैत आधी मंजूर झालेले ९०० कोटी डॉलर परत घेण्याचं विधेयक अंतिम मतदानाला आलं. त्यांतले सुमारे ८०० कोटी परदेशी मदतीचे होते. मूळ मसुद्यात ‘पेपफार’चे ४० कोटीही कापलेले होते. सिनेटमध्ये सत्ताधारी पक्षाच्याच काही सदस्यांनी कुरकुर केली आणि ते ४० कोटी वाचले. वरचाच भागाकार लावला तर ९० हजार जीव. बाकीचं विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, २१६ विरुद्ध २१३ मतांनी. दोघांनी मत फिरवलं असतं, तर २१४ विरुद्ध २१५.

४३५ पैकी दोन. अर्थसंकल्प दरवर्षी येतो आणि त्या ४३५ जणांना दर दोन वर्षांनी मतदारांपुढे उभं राहावं लागतं. १ कोटी ४० लाखांचं ओझं कुणा एकाला पेलत नाही. पण आपल्या भागातला एक सदस्य, त्याच्या कार्यालयाचा क्रमांक आणि तयार केलेली दोन मिनिटं एवढं कुणालाही झेपतं. जगातले सगळ्यांत मोठे आकडे हलवण्याचा रस्ता या सगळ्यांत लहान आकड्यांतूनच जातो, आणि पुढच्या मतदानाची तालीम आजच करावी लागते.