टर्बो गाडीने श्वास कुठून घ्यावा? यवतमाळच्या उन्हातला एक अभ्यासप्रश्न

इंजिनाला हवा कुठून द्यायची, हा प्रश्न गॅरेजमध्ये दोन मिनिटांत सुटतो. एक जण म्हणतो, बंपरखालून पाइप काढ, तिथं गार हवा मिळते. दुसरा म्हणतो, बॉनेटवर स्कूप लाव, वारा आपोआप आत घुसेल. तिसरा हसून म्हणतो, इंटरकूलर आहे ना? मग कुठूनही घे, काय फरक पडतो!

तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण कोणाचं किती, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी हा प्रश्न चांगला, कारण त्याला महागडी प्रयोगशाळा लागत नाही आणि चूक झाली तर इंजिन जातं. जागा म्हणून आपण यवतमाळ जिल्हा घेऊ. मे महिन्यात ४३ अंश, वणी भागात कोळशाच्या ट्रकांनी उडवलेली धूळ आणि पावसाळ्यात रस्त्यावर चढणारे नाले, हे सगळं एकाच गाडीला एकाच वर्षात भेटतं.

तापमान: तिसऱ्याचं म्हणणं तपासू

टर्बोमध्ये धुराच्या जोरावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा दाबली की तापते. किती तापेल, हे ती आत शिरताना किती गरम होती यावर ठरतं, आणि ते गुणाकाराने ठरतं. इथंच गंमत आहे.

काही गोष्टी गृहीत धरू. दाब दुप्पट होतो, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे, आणि इंटरकूलर शक्य असलेल्या गारव्यापैकी ७० टक्के गारवा देतो. इंटरकूलरवर बाहेरची ४३ अंशांची हवा येते.

बाहेरून ४३ अंशांची हवा घेतली, तर कॉम्प्रेसरमधून ती सुमारे १४२ अंशांनी बाहेर पडते आणि इंटरकूलरनंतर सुमारे ७३ अंशांवर येते. बॉनेटखालची ७० अंशांची हवा घेतली, तर हेच आकडे सुमारे १७७ आणि ८३ होतात.

म्हणजे २७ अंशांचा फरक आधी ३५ झाला आणि इंटरकूलरने तो १० वर आणला. टर्बो नसलेल्या इंजिनात याच फरकाने हवेचं वजन जवळपास ८ टक्के घटलं असतं. इथं ते ३ टक्केच घटतं. तिसरा मित्र अगदीच चुकीचा नाही.

पण तो एक गोष्ट विसरतो. गरम हवा तेवढीच दाबायला कॉम्प्रेसरला दर किलोमागे सुमारे साडेआठ टक्के जास्त काम करावं लागतं. हे काम धुरातून वसूल होतं आणि टर्बोला जास्त वेगाने पळावं लागतं. इंटरकूलर तापमान झाकतो, टर्बोवरचा ताण झाकत नाही. म्हणून अभ्यासात फक्त इंटरकूलरनंतरचं तापमान मोजलं, तर निष्कर्ष अर्धवट निघेल.

दाब: स्कूपवाल्याचं काय?

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण ४४५ मीटर उंच आहे. तिथं हवेचा दाब ९६ किलोपास्कलच्या आसपास धरू. ताशी ८० किलोमीटर वेगाने समोरून येणारा वारा पूर्णपणे अडवला, तरी जास्तीत जास्त पाव किलोपास्कल मिळतो. म्हणजे पाव टक्क्याच्या आसपास. आपल्या रस्त्यांवर ही कमाई नगण्य आहे. शिवाय बॉनेटवर दिसणारं प्रत्येक तोंड इंजिनाच्या श्वासाचं नसतं. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरमध्ये ते वर बसवलेल्या इंटरकूलरला वारा देण्यासाठी आहे.

आता उलट बाजू बघा. धुळीने भरलेला फिल्टर ५ किलोपास्कल दाब खातो असं समजा. इंजिनाला तोच दाब द्यायचा तर कॉम्प्रेसरला २ ऐवजी २.११ पट दाबावं लागेल, आणि बाहेर पडणारी हवा आणखी आठ-नऊ अंशांनी तापेल. म्हणजे स्कूपने मिळवलेल्याच्या वीसपट दाब घाण फिल्टर घालवतो. तोंडाची दिशा महत्त्वाची आहेच, पण फिल्टर किती लवकर भरतो हे त्याहून महत्त्वाचं.

धूळ आणि पाणी

चाकांनी उडालेली धूळ जमिनीलगत सर्वांत दाट असते, वर जावं तशी विरळ होते. ट्रॅक्टरच्या हवेचं तोंड उंच का असतं, याचं उत्तर यातच आहे. बंपरखालची जागा गार खरी, पण धुळीच्या ढगातली. त्यातून निसटलेला एखादा कण मिनिटाला लाखभर फेऱ्या घेणाऱ्या चाकाच्या पात्याच्या कडेवर आदळतो. कड झिजली की कार्यक्षमता घसरते, आणि वरच्या गणितातला ७० टक्क्यांचा आकडाच बदलतो.

पाण्याचं तर वेगळंच. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. असा पूर रोज येत नाही, पण नाल्यावरून गुडघाभर पाणी वाहणं दर पावसाळ्यात दिसतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये थोडं जरी जास्त गेलं, तरी पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्याच्या पिकअपवर घर चालतं, त्याचा हंगाम तिथंच संपला.

मग प्रश्न कसा मांडायचा?

इथं बरेच विद्यार्थी चारही गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. तापमानाला ४०, धुळीला ३०, असं. हे टाळा. बेरजेत गारव्याचे जास्त गुण बुडण्याचा धोका भरून काढतात, प्रत्यक्षात तसं होत नाही. ३ टक्के हवेच्या बदल्यात कोणी इंजिन देणार नाही.

म्हणून आधी अटी आणि उद्दिष्टं वेगळी करा. पाणी ही अट: ठरलेल्या उंचीखाली तोंड नको, बस्स. धूळ हीसुद्धा अट: ठरलेल्या किलोमीटरपर्यंत फिल्टरचा दाबफरक मर्यादेत राहिला पाहिजे. या अटी पाळणाऱ्या ज्या जागा उरतील, त्यांच्यातच कॉम्प्रेसरचं काम सर्वांत कमी कुठं, ते शोधा. बंपरखालची जागा पहिल्याच अटीत बाद होते. बॉनेटखालचा उघडा फिल्टर दोन्ही अटींत कदाचित टिकेल, पण उद्दिष्टात मागे पडेल. उरते ती जाळीच्या वरच्या कडेची किंवा हेडलाइटमागची उंच जागा, रबराच्या पट्टीने इंजिनाच्या उष्णतेपासून तोडलेली आणि पाणी निथळायला भोक ठेवलेली. कित्येक कंपन्या तिथंच का जातात, हे आता कळतं.

मोजायचं काय?

प्रत्येक जागी एक थर्मोकपल, फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधला दाबफरक आणि ठरावीक अंतरानंतर फिल्टरचं वजन. एवढ्यावर चांगला प्रकल्प होतो. फक्त बॉनेटखालचं तापमान एकच आकडा समजू नका. गाडी ६० च्या वेगात असताना तिथं वारा खेळतो, रेल्वे फाटकावर दहा मिनिटं उभी राहिली की ते झपाट्याने चढतं. फाटक उघडल्यावर ड्रायव्हर जोरात निघतो, तेव्हा हवाही गरम असते आणि इंटरकूलरही. सर्वांत वाईट क्षण तोच. म्हणून सरासरी काढायच्या आधी उभी गाडी, निघतानाची गाडी आणि पळती गाडी अशा तीन नोंदी वेगळ्या ठेवा. सरासरीत हा क्षण हरवतो, आणि तुमच्या प्रबंधात नेमका तोच दिसायला हवा.