पन्नासाव्या अक्षांशावरचा एक दिवस

शीव कोळीवाड्याच्या बाजारात कोळणीच्या पाटीत बांगडा आणि तारली असते. या म्हावऱ्याचा अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्याशी संबंध आहे. हजारो किलोमीटर दूरचा हा संबंध कुठून सुरू होतो, ते ध्रुवीय समुद्रातून परतणाऱ्या जहाजावर एका दिवसात कळतं.

भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज, नेते डॉ. सय्यद झहूर कासिम आणि एकूण २१ माणसं. ९ जानेवारी १९८२ रोजी ती बर्फावर उतरली आणि २१ फेब्रुवारीला गोव्याला परतली. दोन वर्षांनी तिसऱ्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत गेल्या. त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. पंत यांचा विषय होता समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतीप्लवक. मासळीच्या अन्नसाखळीची सुरुवात तिथेच होते.

अशा मोहिमेवरून ताशी बारा सागरी मैलांनी परतणारं जहाज दिवसात पाचशेच किलोमीटर कापतं, म्हणजे जेमतेम पाच अक्षांश. तरी परतीचा एक दिवस असा येतो, की सकाळचा समुद्र आणि संध्याकाळचा समुद्र वेगळे असतात.

सकाळी पाण्याचं तापमान दोन अंशांच्या आसपास असतं. हिमनग मागे पडलेले, अल्बट्रॉस पंख न हलवता जहाजामागे तरंगताहेत. इथे पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवायला जमीन जवळपास नाहीच, त्यामुळे पश्चिमेचे वारे अखंड वाहतात आणि लाटा उंच होत जातात. ताटं घसरू नयेत म्हणून जेवणाच्या टेबलावर ओलं फडकं अंथरावं लागतं. दुपारी धुकं दाटतं आणि तापमापकाचा आकडा चढू लागतो. तीन, चार, पाच अंश. हिंदी महासागराच्या बाजूला साधारण पन्नासाव्या दक्षिण अक्षांशाच्या जवळपास थंड आणि उबदार पाण्यामधली सीमा लागते. तिला ध्रुवीय आघाडी म्हणतात.

या पट्ट्यात शास्त्रज्ञांना झोप नसते. चालत्या जहाजावरून तांब्याच्या बारीक तारेला जोडलेली शोधनळी सोडतात. ती बुडता बुडता शेकडो मीटर खोलीपर्यंतचं तापमान कळवत जाते. जहाज थांबवलं, की बाटल्यांचं कडं खाली उतरतं आणि ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद होते. वर आलेलं पाणी गाळून हरितद्रव्य मोजायचं, नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट तपासायचं. हे सगळं डोलत्या प्रयोगशाळेत, एका हाताने टेबल धरून.

इतका आटापिटा कशासाठी? दक्षिणेचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी या सीमेजवळ उबदार पाण्याखाली शिरतं. सीमेच्या थोडं उत्तरेला हिवाळ्यात पाणी खोलवर घुसळलं जातं, आणि ते पृष्ठभागाखालून, काही शे मीटर खोलीवरून, उत्तरेकडे सरकत राहतं. या प्रवासाला अनेक दशकं लागतात. २००४ साली समुद्रशास्त्रज्ञ होर्हे सार्मिएंतो आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडलं, की ३० अंश दक्षिणेच्या उत्तरेकडील समुद्रांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जैविक उत्पादनामागे हीच पोषक द्रव्यं आहेत. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत, विशेषतः दक्षिणेकडे, खालचं पाणी वर येतं, प्लवक फोफावतं आणि त्यावर तारली, बांगडा पोसला जातो.

या हिशेबात सिलिकेट कळीचं आहे. २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर 'पोलरस्टर्न' जहाजावरून 'लोहाफेक्स' प्रयोग केला. दक्षिण अटलांटिकमध्ये ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह मिसळलं. प्लवक वाढलं, पण सिलिकेट नव्हतं म्हणून काचेसारखं कवच बांधणारे डायटम वाढले नाहीत. जे वाढलं ते बारीक प्राण्यांनी खाल्लं आणि फारच थोडा कार्बन खोल समुद्रात गेला. समुद्राला वरून खत घालून हवामानबदल थोपवता येईल या आशेला या प्रयोगाने मोठा धक्का दिला, आणि तो वेळीच बसला हे चांगलं झालं.

आता अंटार्क्टिकाभोवतीचा हा दक्षिण महासागर तापतो आहे. गोव्यातल्या वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिथल्या मोहिमा चालवतं. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. पिढ्यान्‌पिढ्या उधाण, वारा आणि म्हावरं ओळखणाऱ्या कोळीवाड्यांतल्या मुलामुलींनी या दोन्ही ठिकाणांची वाट धरावी, आणि शाळा-कॉलेजांनी त्यांना ती दाखवावी.