जमीन की पाणी? (भाग ७) : इटलीतून ग्रीसला

एड्रिआटिक समुद्र खाली इतका चिंचोळा होतो की इटलीच्या ओत्रांतोपासून पलीकडचा आल्बेनिया जेमतेम सत्तर किलोमीटरवर येतो. तरीही मिलानहून अथेन्सला निघालेला माणूस ‘बोट नको’ म्हणाला, की त्याला अख्ख्या समुद्राला वरून वळसा घालावा लागतो. त्रिएस्त, ल्युब्लियाना, झाग्रेब, बेलग्रेड, स्कोप्ये, थेसालोनिकी अशी साधारण दोन हजार किलोमीटरची ही रपेट. रस्ता बहुतेक द्रुतगतीचा, म्हणजे कागदावर दोन दिवसांचं काम.

मेख आहे ती सीमांवर. क्रोएशियातून सर्बियात शिरताना बात्रोव्त्सीच्या नाक्यावर उन्हाळ्यात गाड्यांची रांगच रांग लागते. जर्मनी-ऑस्ट्रियात स्थायिक झालेली तुर्की कुटुंबं टपावर सामान बांधून सुटीला गावी निघालेली असतात. पुढे नॉर्थ मॅसेडोनिया, मग ग्रीस. प्रत्येक ठिकाणी पुन्हा पासपोर्ट काढा.

आपल्या लोकांचा प्रश्न रांगेवर सुटत नाही. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांना चालणारा सामायिक व्हिसा, एकाच प्रवेशाचा असेल, तर क्रोएशियातून शेंगेनबाहेर पडल्याची नोंद झाली की तो संपला. दिवस शिल्लक असले तरी ग्रीसच्या दारात त्याचा उपयोग शून्य. बोटीचं तसं नाही. इटलीत चढलात, ग्रीसमध्ये उतरलात. दोन्ही देश शेंगेनमधलेच. २०२५ पासून रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही शेंगेनमध्ये आल्या, त्यामुळे हंगेरीवरून फिरून आतल्या आत ग्रीस गाठता येतं, पण वळशाला आणखी एक वळसा जोडून. हौसच असेल तर जावं.

दीडशे वर्षांपूर्वीचा हिशेब वेगळा होता. बोटी मंद आणि आगगाडी वेगवान, म्हणून जमीन नेईल तिथवर जमिनीनेच जायचं आणि अगदी शेवटी पाण्यात उतरायचं. १८७० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत लंडनहून मुंबईला येणारं टपाल याच हिशेबाने रेल्वेने थेट इटलीच्या दक्षिणेतल्या ब्रिंडिसी बंदरात यायचं आणि तिथून आगबोटीने इजिप्तमार्गे पुढे निघायचं. हिशेब पुन्हा बदलला तो १९९१ नंतर. वरच्या वळशाच्या वाटेवरचा युगोस्लाव्हिया युद्धात फुटला आणि मालट्रकांना तिथला महामार्ग धोक्याचा झाला. ते बोटींकडे वळले. पुढे ग्रीसने इगुमेनित्सा बंदरापासून तुर्कस्तानच्या हद्दीपर्यंत ६७० किलोमीटरचा ‘एग्नातिया’ महामार्ग बांधला. तो २००९ मध्ये पुरा झाल्यावर हे आडबाजूचं बंदर ट्रकवाल्यांचं मोठं ठाणंच बनलं.

बंदर कुठलं निवडावं? ब्रिंडिसी ते इगुमेनित्सा आठ-नऊ तास, बारी ते पात्रा सोळाच्या आसपास, अँकोना ते पात्रा बावीसच्या घरात. कमी तासांना भुलून गाडीवाला ब्रिंडिसीला जातो, पण मिलानहून तिथवर हजार किलोमीटर पेट्रोल आणि टोल मोजून. माझं मत विचाराल, तर गाडी असेल तर अँकोना. बोटीत घालवलेले तास तेवढं स्टिअरिंग वाचवतात. पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्याने मात्र रेल्वेने बारी गाठावी आणि पात्राचीच बोट धरावी. इगुमेनित्साला रेल्वे नाही, आणि तिथून अथेन्सपर्यंतचा बसप्रवास लांबचा.

बोटीचे काही रिवाज ठाऊक असावेत. गाड्यांचा मजला बोट सुटल्यावर बंद करतात. ब्रश, औषधं, स्वेटर आधीच काढून घ्या. मोटारहोमवाल्यांना उन्हाळ्यात काही बोटींच्या उघड्या डेकवर आपल्याच गाडीत झोपता येतं, अगदी विजेच्या जोडणीसह. सर्वांत स्वस्त तिकीट म्हणजे नुसतं डेकचं. ते घेणारे सराईत प्रवासी चढल्या चढल्या जिन्याखालचे नि सोफ्यांमागचे कोपरे पकडून स्लीपिंग बॅग अंथरतात. तासाभराने गेलात तर दारासमोरची जागा उरते, रात्रभर वर्दळीची. वातानुकूलन इतकं कडक असतं की ऑगस्टमध्येही कानटोपी आठवते.

इगुमेनित्साला बोट बहुधा भल्या पहाटे लागते आणि ग्रीसचं घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणजे झोपेतला तो तासही गेला. अथेन्स तिथून पाच तासांवर. गाडी ज्याला चालवायची आहे, त्याच्या केबिनचे पैसे वाचवू नयेत. बाकीच्यांनी खुशाल सोफ्यामागे पडावं.